मी गाणं शिकवते
‘मैफली करता का?’ असं कुणी विचारलं, की पूर्वी मी जरा चाचरायचे. आता सरळ सांगते, मी मिरजेत गाणं शिकवते.

भूप रागात मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य. नवी मुलं मात्र गंधारावरून हमखास मध्यमावर घसरतात. मी रागावत नाही; तानपुरा नीट जुळवते आणि थेट पंचमावर जायला लावते. मग एखाद्या संध्याकाळी गंधार असा चपखल लागतो, की पोर स्वतःच चमकून माझ्याकडे बघतं. टाळ्यांनी मला एवढं सुख कधी दिलं नाही.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि सामान्य घरांतल्या मुलांना गाण्याची वाट मोकळी झाली. (पुढे परीक्षाही आल्या, आणि त्यांच्यामागे धावणारे पालकही!) पालकहो, प्रमाणपत्राची घाई करू नका. आधी षड्ज पक्का होऊ द्या.