तुझ्यामाझ्यात

मुलीनं निबंधात 'बिट्वीन माय ब्रदर अँड मी' असं लिहिलं होतं. मी ऐटीत तिचा 'मी' खोडून 'आय' केला. वही परत आली ती नेमकी त्या 'आय'भोवती लाल वर्तुळ घेऊन! "बाबा, माझंच बरोबर होतं ना?" आता काय बोलणार?

लहानपणी 'मी अँड माय फ्रेंड' म्हटलं की मास्तर टोकायचे. तेव्हापासून 'आय' म्हणजे सभ्य, असं डोक्यात बसलेलं. (त्यात इंग्रजी 'मी' म्हणजे मराठी 'मी' नव्हे, 'मला'!) सोपी टेस्ट अशी, की जोडीदाराला वगळून पाहावं. 'फॉर आय' कोणी म्हणत नाही, म्हणून 'फॉर हर अँड मी'. 'बिट्वीन'ला मात्र दोघं लागतातच, तिथं ही टेस्ट फेल. मग मराठीला विचारावं. आपण 'तुझ्यामाझ्यात' म्हणतो, 'तू-मीत' नाही. प्रत्यय लागला की 'मी' बदलतो. 'बिट्वीन'पुढे 'आय'ही तसाच बदलतो.

शेक्सपिअरनंही 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात 'बिट्वीन'पुढे 'आय'च घातलाय; पण त्याची वही कोण तपासणार?

मुलीला हे सगळं समजावलं. पुढचा निबंध तिनं आईला दाखवला.