म्हाताऱ्यांसाठी मराठी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचे लोक वऱ्हाडात आले आणि खामगावात त्यांचे एक ठाणे झाले. हे लोक प्रोटेस्टंट. देवाचे वचन ज्याच्या त्याच्या मायबोलीत असावे, देव आणि भक्त यांच्यामध्ये पुरोहित आडवा येऊ नये, ही त्यांच्या पंथाची मूळ धारणा. मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये जर्मनीत जे बंड केले, त्यातून ती रुजली. पण खामगावाहून मेहकर-लोणारची वाट धरली, की ल्यूथरच्या अडीचशे वर्षे आधी असेच काही सांगत हिंडलेल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचा मुलूख लागतो. या दोन्ही गावांतल्या त्यांच्या आठवणी ‘लीळाचरित्र’ या त्यांच्या चरित्रग्रंथात आहेत.

चक्रधर मूळचे गुजरातचे. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना त्यांनी गुरू मानले आणि मराठीला आपली भाषा केले. देवताचक्राची, म्हणजे अनेक देवतांची, उपासना त्यांनी नाकारली, अनुयायांत जातीचा विटाळ मानला नाही आणि बायकांना संन्यास दिला. शरीराच्या इतर द्वारांतून मळ जातो तशीच बाईची पाळी, त्यात विटाळ कसला, हे त्यांनी तेराव्या शतकात सांगितले. त्याच यादवकाळात मंत्री हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचा आणि दानांचा अफाट पसारा मांडला जात होता. हेमाद्री चक्रधरांच्या वाईटावर होता, असे पंथाची परंपरा सांगते. ते मला नवलाचे वाटत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नागदेवाचार्यांचा एक हट्ट. चक्रधरांच्या मागे पंथाची धुरा त्यांच्याकडे आली. केशिराजबास हे पंडित संस्कृतात ग्रंथ रचू लागले, तेव्हा नागदेवांनी त्यांना थांबवले. कारण साधे होते: असे केले तर पंथातल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. धर्मग्रंथाची भाषा ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर विद्वानांची सभा नव्हती, अक्षरओळख नसलेली म्हातारी होती. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले तेही याच मराठीत. ज्याने स्वामींना पाहिले-ऐकले त्याच्याकडे जाऊन त्यांनी एकेक आठवण टिपली. आठवणींत फरक पडला तर तोही नोंदवला.

युरोपातही ल्यूथरच्या आधी अशी माणसे होऊन गेली. ल्योंचा व्यापारी वाल्डो याने बाराव्या शतकात संपत्ती सोडली, बायबलचे भाग लोकभाषेत करवून घेतले. ११८४ मध्ये पोपने त्याच्या अनुयायांना बहिष्कृत केले. इंग्लंडचा विक्लिफ, बोहेमियाचा यान हुस हेही त्याच वाटेचे. हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळले. चक्रधरांचे नाते मला ल्यूथरपेक्षा वाल्डोशी जवळचे वाटते. ल्यूथरने मठ सोडून लग्न केले. चक्रधरांची वाट संन्यासाची, भिक्षेची.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील संतांची तुलना युरोपच्या धर्मसुधारणेशी केली. तिचा भर वारकरी परंपरेवर होता. महानुभावांचे ग्रंथ तेव्हा बाहेरच्या माणसाला वाचताच येत नव्हते. चौदाव्या शतकापासून पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली होती. ग्रंथांचे रक्षण हा हेतू असणार, पण त्याची किंमत मोठी पडली. ल्यूथरच्या हाती छापखाना होता, त्याचा जर्मन नवा करार १५२२ मध्ये बाजारात आला. इकडे म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवलेले ज्ञान कुलूपबंद झाले. बाहेर मग निंदा तेवढी पसरली. ढोंग्याला ‘मानभावी’ म्हणताना आपण या पंथाचेच नाव बिघडवून वापरतो, हे किती जणांच्या लक्षात येते? हा शब्द मी आता वापरत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे वि. भि. कोलते यांनी या वाङ्मयाला आयुष्य दिले. कोलते मूळचे खामगावच्याच जिल्ह्यातले, मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापले. म्हाइंभटांनी ते सिद्ध केल्याला तेव्हा सुमारे सातशे वर्षे झाली होती.