शून्य खर्चाची शेती आणि घामाचा हिशेब

वाराणसी : ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवरून पैलतीरीचा वाळूचा पट्टा दिसतो, शेते त्याच्याही पलीकडे. या घाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांचा त्या शेतांशी संबंध नसेल. मात्र त्यांच्यासाठी दिल्लीने स्वीकारलेला मंत्र विदर्भातलाच आहे. अमरावतीच्या सुभाष पाळेकर यांनी रुजविलेल्या ‘झिरो बजेट’ शेतीला २०१९च्या अर्थसंकल्पीय भाषणात स्थान मिळाले. २०२२च्या अर्थसंकल्पाने रसायनमुक्त शेतीचा पहिला टप्पा म्हणून गंगाकाठचा पाच किलोमीटरचा पट्टा निवडला.

कृती सोपी आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून जीवामृत करायचे. खताच्या दुकानाची पायरी चढायची नाही. २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार सरासरी जमीनधारणा उत्तर प्रदेशात ०.७३ हेक्टर, तर महाराष्ट्रात १.३४ हेक्टर होती. एवढ्याशा तुकड्यावर वाचलेला प्रत्येक रुपया मोलाचाच.

शास्त्रज्ञांचे समाधान मात्र झाले नाही. पुरेसा पडताळलेला पुरावा नसताना सरकारने यावर पैसा घालू नये, अशी भूमिका राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीने २०१९मध्येच घेतली. तेव्हा तिचे अध्यक्ष होते पंजाब सिंह, याच काशीतील हिंदू विद्यापीठाचे माजी कुलगुरू.

खरी मेख हिशेबाच्या पद्धतीत आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग प्रथम रोखीचा खर्च मोजतो, मग त्यात घरच्यांची मजुरी मिळवतो आणि शेवटी स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही धरतो. नैसर्गिक शेतीत पहिला आकडा उतरतो. पण शेण गोळा करणे, जीवामृत ढवळणे, तण काढणे ही कामे वाढतात आणि बरीचशी घरातील स्त्रियांच्या वाट्याला येतात. म्हणून पहिल्या रकान्यात स्वस्त दिसणारी शेती दुसऱ्या रकान्यात तितकी स्वस्त राहत नाही.

नोव्हेंबर २०२४मध्ये मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानासाठी २,४८१ कोटी रुपये मंजूर केले. लक्ष्य एक कोटी शेतकऱ्यांचे, म्हणजे माणशी अडीच हजारांहूनही कमी. त्याच वर्षी रासायनिक खतांच्या अनुदानासाठी दीड लाख कोटींहून अधिक तरतूद होती. शेतकऱ्याने युरिया सोडला, तर अनुदानाची बचत तिजोरीत जमा होते. वाढलेले श्रम आणि घटलेल्या पिकाची जोखीम मात्र त्याच्याच अंगावर राहते. उत्पादनाबरोबर घरच्या मजुरीचे दिवसही अभियानाच्या नोंदवहीत येत नाहीत, तोवर ‘शून्य’ नेमके कोणाच्या खात्यातले, हा प्रश्न गंगाकाठी आणि वऱ्हाडात सारखाच उरणार आहे.