गाडीतला वाटाड्या : उपग्रहाला जागा कळते, रस्ता कळतो का?



सांगली जिल्ह्यात ‘कवठे’ नावाची किती गावं आहेत? आमचं कवठे महांकाळ, तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद आणि मिरज तालुक्यातलं कवठे पिरान, ही तीन तर सगळ्यांना माहीत आहेत. जिल्ह्याबाहेर गेलात तर वाईजवळही एक कवठे आहे. आता समजा, बाहेरगावच्या पाहुण्याने गाडीतल्या यंत्रावर नुसतं ‘कवठे’ असं टाकलं आणि जे पहिलं नाव आलं त्यावर बोट ठेवलं. कवठे महांकाळला यायचं तर सांगलीहून पूर्वेकडे निघावं लागतं, आणि हा पाहुणा पश्चिमेला कवठे पिरानच्या वाटेला लागेल. यंत्र मात्र शेवटी ‘तुम्ही पोहोचलात’ असंच सांगेल. त्याच्या दृष्टीने ते खरंही असेल!

आज गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र किंवा मोबाईल नाही असं घर शोधावं लागेल. पण ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे मुलांना सोडा, आपल्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून आजचा हा पाठ.

१. यंत्रात तीन वेगवेगळी कामं चालतात

पहिलं काम, तुम्ही आत्ता पृथ्वीवर कुठे आहात हे शोधणं. हे उपग्रहांच्या मदतीने होतं.
दुसरं काम, ती जागा नकाशावर दाखवणं. हा नकाशा माणसांनी तयार केलेला असतो.
तिसरं काम, इथून तिथे जायचा रस्ता निवडणं. हे गणित यंत्र किंवा कंपनीचा संगणक करतो.

आपण या तिन्हींना मिळून ‘जीपीएस’ म्हणतो. खरं तर जीपीएस म्हणजे फक्त पहिलं काम. चूक झाली की ती बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या कामात झालेली असते. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मा पाठ झाला.

२. जागा कशी सापडते?

शाळेच्या मैदानावर चला. एका मुलाला सांगा, ‘तू ध्वजस्तंभापासून बरोबर १० मीटरवर उभा राहा.’ तो कुठे उभा राहील? ध्वजस्तंभाभोवतीच्या वर्तुळावर कुठेही. आता सांगा, ‘शिवाय पाण्याच्या टाकीपासून ८ मीटरवर.’ आता दोनच जागा उरतात, जिथे दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात. तिसरं अंतर कडुलिंबाच्या झाडापासूनचं दिलं की एकच जागा उरते. मुलं दोरी घेऊन हे पाच मिनिटांत करतात.

जीपीएसमध्ये ध्वजस्तंभ, टाकी आणि झाड यांच्या जागी उपग्रह असतात. ते पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो, ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता एवढे वाजलेत.’ हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, खाली येतो. पोहोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढतं. हा वेळ असतो सेकंदाचा साधारण पंधरावा भाग!

इथे घड्याळ फार महत्त्वाचं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं बसवलेली असतात. आपल्या यंत्रातलं घड्याळ मात्र साधं. त्याची चूक काढून टाकण्यासाठी आणखी एका उपग्रहाची मदत घ्यावी लागते. म्हणून तीन नाही, किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

वरच्या वर्गातल्या मुलांना आवडेल अशी एक गोष्ट. आईनस्टाईनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरची चूक साठेल.

३. थोडा इतिहास

जीपीएस ही अमेरिकेने सैन्यासाठी उभारलेली यंत्रणा. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत युनियनने पाडलं. त्यात २६९ माणसं गेली. त्यानंतर ही सेवा सर्वसामान्यांनाही देण्याचं अमेरिकेने जाहीर केलं. तरी नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची. ती २ मे २००० रोजी बंद झाली आणि मगच गाडीतली यंत्रं खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली.

भारतानेही स्वतःची यंत्रणा उभारली, तिचं नाव ‘नाविक’. इस्रोने पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सोडला आणि २०१६ मध्ये सात उपग्रहांची मालिका पूर्ण केली. पुढे काही उपग्रहांतली परदेशी अणुघड्याळं बंद पडली. म्हणून मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपल्या देशात बनवलेलं अणुघड्याळ बसवण्यात आलं. दुसऱ्याच्या घड्याळावर आपला रस्ता अवलंबून ठेवायचा नाही, हा त्यामागचा विचार.

४. ‘रेंज गेली, जीपीएस बंद पडलं’ हे खरं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. जागा शोधायला इंटरनेट लागत नाही, मोबाईलचं टॉवरही लागत नाही. यंत्र फक्त ऐकतं, उपग्रहाला काही पाठवत नाही, अगदी रेडिओसारखं. दंडोबाच्या डोंगरात रेंज गेली तरी निळा ठिपका बरोबर सरकत राहतो. गायब होतो तो नकाशा, कारण मोबाईल नकाशा इंटरनेटवरून आणत असतो.

म्हणूनच काचेला लावायच्या वेगळ्या यंत्राचा एक फायदा आहे. त्यात नकाशा आतच साठवलेला असतो. तोटाही तोच. नकाशा वेळोवेळी नवा करून घेतला नाही, तर यंत्र जुन्याच जगात फिरत राहतं. रत्नागिरी–नागपूर महामार्ग झाल्यावर आपल्या भागातले किती फाटे आणि वळणं बदलली ते आठवा. मोबाईलवरही नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. प्रवासाआधी घरीच ते करून ठेवा.

मग जागाच चुकते ती कधी? बोगद्यात, उंच इमारतींच्या मध्ये, कधी दाट झाडीत. कारण आकाश दिसत नाही किंवा संदेश भिंतींवर आपटून येतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाईल साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. पण हायवे आणि त्याला लागून असलेला सर्व्हिस रोड यांत अंतरच तेवढं असतं, त्यामुळे तिथेही यंत्राचा गोंधळ होतो.

५. आता मुख्य मुद्दा : रस्ता कोण सांगतं?

यंत्राच्या दृष्टीने रस्ता म्हणजे नकाशावरची एक रेघ. ती रेघ डांबरी आहे, पाणंद आहे की कालव्याच्या कडेची वाट आहे, हे कुणीतरी नोंदवलेलं असेल तरच त्याला कळतं. अग्रणी नदी एरवी कोरडी, पण मोठ्या पावसात फरशी पूल पाण्याखाली गेला तर उपग्रहाला ते कळत नाही. तो रस्त्याकडे बघतच नसतो!

जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात काय झालं ते वाचलं असेल. पुण्याहून कळसूबाईला निघालेले तिघे रात्री मोबाईलच्या नकाशाप्रमाणे कोतूळजवळच्या रस्त्याला लागले. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली आणि तिघे गेले. त्या पुलाचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता, पण नकाशावरची रेघ शाबूत होती.

या दोन्ही ठिकाणी उपग्रहांनी गाडीची जागा चुकीची सांगितली नव्हती. पुढे पूल आहे की नाही, हे नकाशाला माहीत नव्हतं, आणि रस्त्यावर माणसाला थांबवेल असा अडथळाही नव्हता. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. रात्री विचारायला माणूस भेटत नाही, म्हणून रात्री जास्त जपायचं.

६. वापरताना एवढं करा

• गावाचं पूर्ण नाव, तालुका आणि जिल्हा बघूनच ठिकाण निवडा. आमच्या तालुक्यात अलकूड (एम) आणि अलकूड (एस) अशी दोन गावं आहेत, म्हणजे नुसतं नाव पुरत नाही. इंग्रजीत ‘कवठे’ कुणी व्ही घालून लिहितं, कुणी डब्ल्यू, तेही बघा. शक्य असेल तर पाहुण्यांना थेट लोकेशन पाठवा.
• निघण्याआधी सगळा रस्ता एकदा डोळ्याखालून घाला. मधली चार मोठी गावं पाठ करा. मिरजेहून सांगोल्याला जाताना यंत्राने नागज फाट्यावर जतकडे वळायला सांगितलं, तर तुमच्या लक्षात यायला हवं.
• मोबाईल दुचाकीच्या पर्यायावर राहिला नाही ना, ते तपासा. नाहीतर चारचाकी पाणंदीत अडकायची.
• ठिकाण गाडी उभी असतानाच टाका. यंत्र स्टँडवर लावा आणि आवाज चालू ठेवा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार गाडी चालवताना मोबाईल फक्त रस्ता बघायला वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.
• दहा मिनिटं वाचवणारा अनोळखी आडरस्ता रात्री आणि पावसाळ्यात घेऊ नका. रस्ता अचानक अरुंद झाला, समोरून एकही गाडी येईना, की थांबा. काच खाली करून विचारा.

७. वर्गासाठी उपक्रम

कवठे महांकाळ ढोबळमानाने १७ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुलांना आपल्या शाळेचे आकडे मोबाईलवर काढायला सांगा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तर दशांश चिन्हानंतरचा पाचवा अंक म्हणजे किती? (उत्तर : साधारण १ मीटर.)

दुसरा उपक्रम. घर ते शाळा रस्त्याचा नकाशा मुलांनी हाताने काढायचा आणि मग मोबाईलच्या नकाशाशी ताडून बघायचा. मोबाईलवर काय नाही याची यादी करा. पावसाळ्यात बंद होणारा ओढा, उसाच्या ट्रॅक्टरने उखडलेला तुकडा, कुत्री अंगावर येणारी वस्ती. यादी बरीच लांब होते. ही माहिती त्या मुलांकडे आहे, उपग्रहाकडे नाही, हे त्यांना त्याच दिवशी सांगा.

तुमच्या शाळेची यादी किती लांब झाली, ते जरूर कळवा.