सपाट पावलांची उडी

आंघोळीनंतर ओल्या पायांनी कोरड्या फरशीवर उभे राहा आणि उमटलेला ठसा पाहा. बहुतेकांच्या ठशात पावलाची आतली कड उमटत नाही. तेथे कमान असते. भार पडला की ती किंचित दबते, भार सुटला की स्प्रिंगसारखी उसळते. सबंध पाऊल उमटले, तर तुमची पावले सपाट आहेत असे समजा. घाबरू नका, अशी माणसे पुष्कळ असतात!

आगरताळ्याच्या दीपा कर्माकरची पावले अशीच होती. जिम्नॅस्टिक्समध्ये धावत येऊन उसळी घ्यायची, तेथे ही मोठीच उणीव. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी तिच्याकडून पावलांचे व्यायाम चिकाटीने करवून घेतले.

पुढे तिने निवडली ती अवघड 'प्रोदुनोव्हा' उडी. टेबलावर हात टेकून उसळायचे आणि हवेत पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचे. अंग जितके आवळावे तितकी गिरकी वेगवान होते. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घ्या, म्हणजे पटेल. मात्र उतरताना नेमक्या क्षणी अंग उलगडावे लागते.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती उतरताना फार खाली बसली. गुण १५.०६६, क्रमांक चौथा. कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. (उतरताना लहानसे पाऊल सरकले तरी ०.१ गुण जातो!) २०१७ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तिने तुर्कस्तानात मेर्सिन येथील स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. आणि २०२४ मध्ये, ३० वर्षांची असताना, ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही.