व्हिडिओ तबकडी : वाचनदोष व निराकरण

चित्र व ध्वनी यांचे अंकीय स्वरूपात मुद्रण केलेली आणि लेसर किरणाच्या साहाय्याने वाचली जाणारी तबकडी. घरगुती वापरात तिचे तीन प्रकार रूढ झाले : १९९३ मध्ये मानक निश्चित झालेली व्हीसीडी, १९९६ मध्ये जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेली डीव्हीडी आणि २००६ मध्ये बाजारात आलेली ब्लू-रे. तिन्हींचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असून वाचनाचे तत्त्वही एकच आहे. म्हणून त्यांचे वाचनदोष व त्यांच्या निदानाची रीत यांचा विचार एकत्र करता येतो.

तबकडी यंत्राला न ओळखता येणे, चित्र मध्येच अडकणे, ते चौकोनी ठोकळ्यांत फुटणे किंवा आवाज तुटणे, ही वाचनदोषाची नेहमीची लक्षणे होत. त्यांचे मूळ चार ठिकाणी असू शकते : (१) तबकडी, (२) प्लेअरमधील वाचनयंत्रणा, (३) तबकडीचा प्रकार व प्लेअरची क्षमता यांतील विसंगती आणि (४) प्लेअरपासून दूरचित्रवाणी संचापर्यंतची जोडणी. हे मूळ न शोधता केलेली दुरुस्ती बहुधा व्यर्थ जाते. विकत घेतलेल्या चित्रपटाची दुसरी प्रत मिळू शकते. परंतु २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील असंख्य घरांतील लग्नसमारंभ, मुंजी, स्नेहसंमेलने व हौशी नाट्यप्रयोग मुद्रणयोग्य तबकड्यांवर साठविले गेले आणि त्यांची अनेकदा ती एकच प्रत उरली आहे. अशा तबकडीच्या बाबतीत चुकीचा उपाय म्हणजे कायमची हानी होय.

रचना : साच्यातून काढलेल्या तबकडीत माहिती सर्पिल मार्गावरील सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने असते. हा मार्ग आतून बाहेर जातो. डीव्हीडीत मार्गाच्या लगतच्या दोन वेढ्यांतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) व सर्वांत लहान खळग्याची लांबी ०.४ मायक्रोमीटर असते. एका थराच्या डीव्हीडीतील मार्ग उलगडून सरळ केला, तर तो सु. १२ किमी. लांब भरेल. व्हीसीडीतील वेढ्यांचे अंतर १.६ मायक्रोमीटर, तर ब्लू-रेमधील केवळ ०.३२ मायक्रोमीटर असते. त्यानुसार वाचनासाठी अनुक्रमे ७८०, ६५० व ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण वापरतात.

परावर्तक थराचे स्थान तिन्ही प्रकारांत वेगळे असते व निदानाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. व्हीसीडीत हा थर नाव छापलेल्या बाजूच्या लगत, केवळ लाखेसारख्या पातळ लेपाखाली असतो. डीव्हीडीत तो प्रत्येकी ०.६ मिमी. जाडीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. ब्लू-रेमध्ये तो वाचनाच्या बाजूस अवघ्या ०.१ मिमी. खोलीवर असून त्यावर कठीण संरक्षक लेप असतो. यामुळे व्हीसीडीला चकाकत्या बाजूवरील ओरखड्यापेक्षा नावाच्या बाजूवरील खोल ओरखडा अधिक घातक ठरतो. कारण त्याने परावर्तक थरच खरवडून निघतो व तेथील माहिती कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

वाचनक्रिया : तबकडी आत गेल्यावर भिंग धारण करणारा वाचनशीर्ष आतील टोकाशी जातो, लेसर सुरू होतो आणि भिंग वरखाली सरकून परावर्तक थराचा शोध घेते. थर सापडल्यावर तबकडी पूर्ण वेगाने फिरू लागते व आरंभीची सूची वाचली जाते. यांपैकी कोणतीही पायरी फसली, तरी पडद्यावर ‘तबकडी नाही’ अशा अर्थाचीच सूचना उमटते. म्हणून ही सूचना म्हणजे निदान नव्हे.

एका थराच्या डीव्हीडीचा फिरण्याचा वेग आतील कडेला मिनिटास सु. १,४०० फेरे, तर बाहेरील कडेला सु. ५७५ फेरे असतो. त्यामुळे भिंगाखालून मार्ग सर्वत्र सारख्याच गतीने सरकतो. फिरताना तबकडी एक-दोन दशांश मिमी. खालीवर होत असली, तरी भिंगाला आपले अंतर सु. एक मायक्रोमीटरच्या मर्यादेत राखावे लागते. हे काम चुंबकीय वेटोळी अखंड करीत असतात. वाकलेली किंवा एका बाजूस जड झालेली तबकडी बाहेरच्या भागात अडकते, याचे कारण हेच होय.

दोषदुरुस्ती संकेतन : धूळ व ओरखडे अटळ असल्याने तबकडीवर मूळ माहितीबरोबर काही पूरक संकेत मुद्रित केलेले असतात. त्यांचा पाया अर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेले गणिती संकेतन हा आहे. डीव्हीडीत माहितीचे १९२ ओळी व १७२ स्तंभ असे चौकट-कोष्टक मांडून प्रत्येक ओळीला १० व प्रत्येक स्तंभाला १६ पूरक संकेत जोडतात. परिणामी मार्गावरील सलग सु. ६ मिमी. भाग वाचता आला नाही, तरी त्यातील माहिती गणिताने पुन्हा उभी करता येते. व्हीसीडीचे संरक्षण याहून दुबळे असते. संगणकीय माहितीच्या सीडीला असणारे दोषदुरुस्तीचे अतिरिक्त कवच व्हीसीडीतील चित्रभागाला दिलेले नसते. ती जागा चित्रासाठीच वापरली जाते.

या संकेतनाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. ग्रामोफोनची तबकडी किंवा चुंबकीय फीत झिजू लागली की खरखर वा पुसटपणा यांच्या रूपाने आपली अवस्था आधीच कळविते. अंकीय तबकडी मात्र दुरुस्तीची क्षमता पुरते तोवर निर्दोष चित्र दाखविते व ती संपताच एकदम अडखळते. तात्पर्य, स्वच्छ तबकडीवर दिसलेला पहिला चौकोनी ठोकळा ही बिघाडाची सुरुवात नसून आतापर्यंत झाकून राहिलेल्या ऱ्हासाची खूण असते.

निदानाची रीत : प्रथम निश्चितपणे चांगली असलेली, त्याच प्रकारची दुसरी तबकडी त्याच प्लेअरमध्ये लावावी, नंतर संशयित तबकडी दुसऱ्या प्लेअरमध्ये लावावी. या दोन चाचण्यांनी बहुतेक वेळा दोषाचे स्थान ठरते. चित्र दर वेळी त्याच क्षणी अडकत असेल, तर दोष तबकडीत असण्याची शक्यता अधिक. निरनिराळ्या तबकड्या निरनिराळ्या ठिकाणी अडकत असतील किंवा यंत्र तापल्यावरच अडचण येत असेल, तर दोष यंत्रात असतो. प्लेअर डीव्हीडी दाखवितो पण व्हीसीडी ओळखत नाही (किंवा याच्या उलट) असे झाल्यास, दोन तरंगलांबींच्या दोन लेसर स्रोतांपैकी एक दुर्बल झाल्याचा संशय घ्यावा. दोन थरांच्या डीव्हीडीत चित्रपटाच्या मध्याच्या सुमारास येणारा क्षणभराचा खंड हा मात्र दोष नव्हे. त्या वेळी लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जात असतो.

तबकडीतील दोष : तबकडीच्या पृष्ठभागावर लेसर किरणाची रुंदी डीव्हीडीत सु. अर्धा मिमी. असते व आत जाऊन तो सूक्ष्म बिंदूत एकवटतो. त्यामुळे पृष्ठभागावरील धूलिकणाची फक्त अंधूक छाया पडते. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा मार्गाला आडवा छेदत असल्याने त्याचा अडथळा क्षणिक असतो व तो दुरुस्त होतो. परिघाला समांतर ओरखडा मात्र मार्गाच्या बरोबरीने दूरवर जातो आणि दुरुस्तीची मर्यादा ओलांडतो. म्हणूनच तबकडी पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे, गोलाकार कधीही फिरवू नये. बोटांचे ठसे व तेलकटपणा यांसाठी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे काही थेंब पुरतात. पेट्रोल, ॲसिटोन यांसारख्या विद्रावकांनी पॉलिकार्बोनेट धूसर होते.

घासून चकाकी आणण्याचा उपाय व्हीसीडी व डीव्हीडी यांवरील उथळ ओरखड्यांना कधी कधी लागू पडतो. ब्लू-रेचा पातळ थर त्याने नष्टच होतो. एकमेव प्रत असलेली तबकडी तिची नक्कल होईपर्यंत कधीही घासू नये. कागदी चिकटपट्ट्यांनी तोल बिघडतो व दमट हवेत तबकडी वाकते. त्यामुळे त्याही टाळाव्यात.

यंत्रातील दोष : भिंगावरील धूळ व धुराचा लेप हे सर्वांत सामान्य कारण होय. भिंग बारीक तारांवर तोललेले असल्याने ते फक्त हवेच्या हलक्या झोताने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने, दाब न देता साफ करावे. कोकणासारख्या दमट प्रदेशात किंवा वातानुकूलित खोलीतून यंत्र बाहेर आणल्यावर भिंगावर दव साचते; अशा वेळी तबकडी न घालता यंत्र एक-दोन तास तसेच ठेवल्यास ते पूर्ववत होते. याशिवाय वाचनशीर्षाच्या दांडीवरील वंगण वाळणे, ट्रेचा रबरी पट्टा सैल होणे, मोटर झिजणे आणि वीजपुरवठा विभागातील धारित्रे निकामी होणे हे वयोमानाने येणारे दोष आहेत. शेवटच्या दोषात यंत्र मध्येच आपोआप बंद होऊन सुरू होते.

यंत्र उघडण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी; तरीही वीजपुरवठा विभागातील धारित्रांत काही काळ धोकादायक विद्युत् भार राहतो. उघड्या यंत्रात लेसरकडे पाहणे डोळ्यांना अपायकारक असते. हे काम जाणकार कारागिरावर सोपविणेच इष्ट.

विसंगतीचे दोष : डीव्हीडी व प्लेअर यांना प्रदेशनिहाय क्रमांक दिलेले असतात : भारत ५, अमेरिका १, जपान व पश्चिम युरोप २. ब्लू-रेसाठी अ, ब, क यांच्या समकक्ष तीन विभाग असून भारत तिसऱ्यात मोडतो. परदेशातील नातेवाइकांनी पाठविलेली निर्दोष तबकडी या कारणाने येथील प्लेअर नाकारू शकतो. चित्रपद्धती वेगळी असेल (भारतात पाल, अमेरिकेत एनटीएससी), तर जुन्या दूरचित्रवाणी संचावर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली सरकत राहते.

घरी मुद्रित केलेल्या तबकडीवर शेवटी ‘अंतिमीकरण’ करून सूची पूर्ण करावी लागते. ते राहिले असल्यास तबकडी केवळ मूळ यंत्रातच चालते. पुनर्लेखनयोग्य तबकडीचे परावर्तन साच्यातील एका थराच्या तबकडीच्या मानाने पुष्कळच कमी असल्याने काही जुने प्लेअर ती ओळखत नाहीत. ब्लू-रेच्या बाबतीत प्रतिरक्षणाच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात. प्लेअरमधील अंतर्गत आज्ञावली अद्ययावत नसल्यास नवी तबकडी चालत नाही.

जोडणीतील दोष : प्लेअरची सूची पडद्यावर व्यवस्थित उमटत असेल, तर चित्राची जोडणी ठीक आहे असे समजावे. सूचीही दिसत नसेल, तर दूरचित्रवाणी संचावरील निवड व तारा प्रथम तपासाव्यात. चित्र आहे पण ध्वनी नाही, अशा वेळी तबकडीवरील दुसरा ध्वनिमार्ग निवडून पाहावा. काही बहुवाहिनी ध्वनिप्रकार उलगडण्याची सोय साध्या प्लेअरमध्ये नसते.

ऱ्हास व जतन : मुद्रणयोग्य तबकडीत खळगे नसतात, रंजक द्रव्याच्या थरावर लेसरने उमटविलेल्या खुणा असतात. उष्णता, आर्द्रता व सूर्यप्रकाश यांमुळे हे रंजक फिके पडते व ओरखडा नसतानाही तबकडी वाचता येत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेच्या २००३ मधील मार्गदर्शिकेत साठवणीसाठी ४° ते २०° से. तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचविली आहे. आपल्याकडील पावसाळ्यात ही मर्यादा पाळणे कठीण असल्याने तबकड्या कडेवर उभ्या, बंद डब्यात, आर्द्रताशोषक पुडीसह व अंधारात ठेवाव्यात.

प्लेअर अडखळला म्हणजे माहिती गेली असे नव्हे. प्लेअरला चित्र सलग दाखवायचे असल्याने एकाच जागी वारंवार प्रयत्न करण्यास त्याला वेळ नसतो. संगणकाचा वाचक मात्र मंद गतीने तीच जागा पुनःपुन्हा वाचू शकतो आणि एका वाचकाला न जमलेला भाग दुसऱ्या बनावटीच्या वाचकाला जमतो. म्हणून पहिला अडथळा दिसताच तबकडी हलक्या हाताने पुसून तिची संपूर्ण नक्कल दोन वेगवेगळ्या साधनांवर करून ठेवावी. ही साधनेही दुर्मिळ होत आहेत. सोनी कंपनीने मुद्रणयोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. वाचक यंत्रे उपलब्ध आहेत तोवर नक्कल करणे हाच घरगुती मुद्रणे टिकविण्याचा खात्रीचा उपाय होय.