पाचरपट्टा : संज्ञा, खूण आणि निवड

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या पानावर सुरू होतो आणि तेथेच संपतो. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्यानंतर अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध झाले. तथापि संज्ञा नेमकी कशासाठी लागते, हे कोशापेक्षा कारखान्यात अधिक स्पष्ट दिसते. जालना जिल्ह्यात सळयांच्या रोलिंग मिल, जिनिंगचे कारखाने, डाळीच्या व पिठाच्या गिरण्या, बियाणे प्रक्रियेची केंद्रे आणि सुगीच्या दिवसांत मळणी यंत्रे चालतात. यांपैकी अनेक ठिकाणी मोटारीची शक्ती यंत्रापर्यंत पोचविण्याचे काम रबराचा पट्टा करतो. त्याला सर्वत्र ‘व्ही-बेल्ट’ म्हणतात. तो चुकीचा निवडला गेला म्हणजे शक्ती वाया जाते, बेअरिंग झिजते आणि ऐन हंगामात यंत्र थांबते. या पट्ट्याचे नाव, त्याच्या पाठीवरची खूण आणि त्याची निवड यांचा परस्परसंबंध प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

१. नाव

इंग्रजीने या पट्ट्याला अक्षराच्या आकारावरून नाव दिले. वस्तुतः त्याचा छेद ‘व्ही’सारखा टोकदार नसून खालचे टोक कापलेला, म्हणजे समलंब चौकोनाचा असतो. फ्रेंच भाषा त्यास ‘समलंब पट्टा’ या अर्थाचेच नाव देते. जर्मन भाषेत तो ‘काइलरीमेन’ होय. ‘काइल’ म्हणजे पाचर आणि ‘रीमेन’ म्हणजे वादी. वस्तू एकच, परंतु पहिले नाव सादृश्यावरून, दुसरे भूमितीवरून आणि तिसरे कार्यावरून पडले आहे.

यांपैकी तिसरे नाव सर्वांत उद्बोधक आहे. कुऱ्हाडीच्या सैल दांड्यात पाचर ठोकली की थोड्या जोरानेही बाजूंवर मोठा दाब पडतो. पट्ट्याचेही तसेच आहे. तो पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी टेकतो. त्याचा तळ अधांतरी असतो. ताण वाढला की तो अधिक आत रुततो आणि पकड घट्ट होते. खाचेचा कोन ३८ अंश असेल, तर तेवढ्याच घर्षणगुणांकाच्या सपाट पट्ट्याच्या मानाने परिणामी घर्षण सुमारे तिप्पट होते. म्हणूनच कमी ताणावर आणि दोन पुल्यांमधील अल्प अंतरातही तो काम देतो. याउलट झिजलेल्या खाचेत पट्ट्याचा तळ टेकू लागला, तर पाचर ही पाचर राहत नाही आणि पट्टा घसरतो. अशा वेळी पट्टा बदलून उपयोग नसतो. पुलीच बदलावी लागते.

२. खूण

पट्ट्याच्या पाठीवर ‘बी ८७’ अशी खूण असते. तिच्यातील अक्षर छेदाचे आणि अंक लांबीचा वाचक आहे. प्रचलित छेदांची माथ्याकडील रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये अशी : ए १३ × ८, बी १७ × ११, सी २२ × १४, डी ३२ × १९. अंक हा इंचातील आतल्या बाजूची लांबी सांगतो. नेमकी येथेच फसगत होते. जुना पट्टा बाहेरून फितीने मोजला, तर उंचीमुळे मापात भर पडते. ‘बी’ पट्ट्यात ही भर ११ मि.मी.च्या सुमारे ६.२८ पट, म्हणजे ६९ मि.मी. किंवा पावणेतीन इंच असते. बाहेरून नव्वद भरला म्हणून ‘बी ९०’ मागणाऱ्यास तीन इंच लांब पट्टा मिळतो.

अंकाचा अर्थ शेजारच्या अक्षरांवरही अवलंबून असतो. ‘एसपीबी २२४०’ या खुणेत अंक मिलिमीटरचा आहे आणि तो आतली लांबी सांगत नसून पिच लांबी सांगतो. पट्टा वाकताना जी रेषा ताणली जात नाही आणि आकसतही नाही, तिची ही लांबी होय. या पट्ट्याची रुंदी ‘बी’च्या जवळपास असली, तरी उंची अधिक असते. तेव्हा केवळ ‘बी’ हे अक्षर पाहून एकाच्या जागी दुसरा घालणे योग्य नाही.

३. निवड

समजा, गिरणीची मोटार १० अश्वशक्तीची असून मिनिटास १४४० फेरे घेते आणि गिरणीचे फेरे ७२० हवे आहेत. पुल्यांच्या व्यासांचे प्रमाण १ : २ ठेवावे लागेल. या शक्तीला ‘बी’ छेद साजतो. त्याच्या लहान पुलीचा व्यास १२५ मि.मी.पेक्षा कमी नसावा, कारण तीव्र वाकण्याने आतील दोरे लवकर तुटतात. म्हणून पिच व्यास ६ व १२ इंच घेऊ. पट्ट्याचा वेग सेकंदास सुमारे ११.५ मीटर येतो. तो योग्य आहे.

मध्यांतर ३० इंच असल्यास पिच लांबी अशी : मध्यांतराची दुप्पट ६०, व्यासांच्या बेरजेची १.५७ पट २८.३, आणि व्यासांतील फरकाच्या वर्गास मध्यांतराच्या चौपटीने भागून ०.३, एकूण ८८.६ इंच. ‘बी’ पट्ट्याची आतली लांबी पिच लांबीहून १.७ इंचांनी कमी असते. म्हणून ‘बी ८७’ घ्यावा.

पट्ट्यांची संख्या भाराच्या स्वरूपावर ठरते. धक्के देणाऱ्या यंत्रासाठी मोटारीच्या शक्तीस भारगुणकाने गुणतात. तो १.३ धरला, तर १३ अश्वशक्ती होते. उत्पादकाच्या तक्त्यात एका पट्ट्याची क्षमता ३.५ मिळाली असे मानल्यास भागाकार ३.७ येतो, म्हणजे चार पट्टे लागतील. चारांपैकी एक तुटला तरी चारही एकदम बदलावेत. ताणलेल्या जुन्यांसोबत घातलेला आखूड नवा पट्टा एकटाच भार वाहतो आणि लवकर जातो. बसविताना पट्टा टिकावाने उचकटून चढवू नये. मोटार पुढे सरकवून चढवावा आणि मग ताण द्यावा. योग्य जोराने मधोमध दाबल्यावर, पुल्यांमधील मोकळ्या पट्ट्याच्या दर मीटरमागे १६ मि.मी. दबणे हे ताणाचे रूढ माप आहे; तो जोर तक्त्यात दिलेला असतो. शेवटी पट्ट्यावर जाळी बसविल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. मळणी यंत्रावर पदर किंवा धोतर ओढले जाण्याचा धोका प्रत्यक्ष आहे.

४. समारोप

‘व्ही-बेल्ट’ हा शब्द बाजारात रुळला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. परंतु जेथे समजावून सांगावयाचे आहे, त्या पाठ्यपुस्तकांत व माहितीपत्रकांत ‘पाचरपट्टा’ ही संज्ञा अधिक उपकारक ठरेल. कारण तिच्यात पट्ट्याचे कार्य आणि त्याच्या बिघाडाची परीक्षा ही दोन्ही अंतर्भूत आहेत. खूणही नुसती ‘सत्याऐंशीचा’ अशी न सांगता ‘बी, आतून सत्याऐंशी इंच’ अशी पूर्ण उच्चारली जावी. दोन शब्द अधिक खर्च होतील, पण चुकीच्या पट्ट्यासाठी तालुक्याची दुसरी खेप वाचेल.